जिवंत देखाव्यासाठी अंतराळवीराचं हेल्मेट बनवायचंय: फोम, थ्रीडी प्रिंट की कागदाचा लगदा?

तिसरी_पाळी

मंडळी, नमस्कार. आमचं मंडळ सोलापूरच्या पूर्व भागातलं. यंदा जिवंत देखावा विज्ञानकथेवर करायचा ठरलाय, कारण पौराणिक आणि ऐतिहासिक विषय आसपासच्या मंडळांनी कधीच धरून ठेवलेत. गोष्ट आमचीच आहे. आणखी दोनशे वर्षांनी चंद्रावर वस्ती झालीय, पृथ्वीवरून कापड नेणं परवडत नाही, म्हणून सोलापुरातलं एक विणकराचं घर मागासकट तिकडं बिऱ्हाड हलवतं. मागाचे सुटे भाग, कांड्या, सुताचे रिकामे प्लॅस्टिकचे कोन यांना गल्लीत तोटा नाही. पोशाख युनिफॉर्म शिवणारी मंडळी शिवून देणार आहेत. अडलंय ते हेल्मेटवर.

चार हेल्मेटं हवीत. प्रयोग बारा-पंधरा मिनिटांचा, पण देखावा सुरू झाला की संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत पाठोपाठ चालतो. एका भूमिकेला दोन-तीन पोरं आळीपाळीने उभी राहणार, म्हणजे एकच हेल्मेट वेगवेगळ्या डोक्यांवर. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात. वरून मोठे दिवे. सिनेमातलं चकचकीत हेल्मेट नकोय, कामगाराचं वाटलं पाहिजे. वापरलेलं, घासलेलं, पण जवळून बघितलं तरी 'पुठ्ठा आहे' असं कुणी म्हणू नये.

मंडळात तीन मतं आहेत. जुने कार्यकर्ते म्हणतात कागदाचा लगदा, पोरं म्हणतात थ्रीडी प्रिंट, खजिनदार म्हणतात थर्माकोल. सध्या वैशाख चालू आहे, वेळ हाताशी आहे. सांगा.

फिलामेंट_फजिती

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या पुण्यात. घरी दोन प्रिंटर आहेत. प्रिंटच करा. आकार संगणकावर एकदा बसला की चारही हेल्मेटं हुबेहूब सारखी निघतात आणि कडा हातकामाला सात जन्मात येणार नाहीत इतक्या नेमक्या येतात. पूर्ण मापाच्या एका हेल्मेटला छपाईचे दोन-तीन दिवस आणि जवळपास किलोभर पीएलए, म्हणजे छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक, लागेल. तुकड्यांत छापायचं आणि जोडायचं.

कडक_भाकरी

पीएलए आणि सोलापूरचा मे महिना? हसून घेतो बे आधी.

फिलामेंट_फजिती

भाकरीराव, हसा, पण पूर्ण ऐका. पीएलए मऊ पडायला लागतं ६० अंशांच्या आसपास. सावलीत पारा ४३-४४ वर गेला तरी त्याला काही होत नाही. धोका आहे तो उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, तिथं साठी सहज ओलांडली जाते. गडद रंग दिलेला असेल तर आणखी लवकर. म्हणून पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक वापरा, ते ८० पर्यंत तग धरतं. घासायला मात्र चिवट आहे, हात भरून येतात. आणि टेम्पोत हेल्मेटं सर्वांत वर ठेवून ताडपत्री बांधणारा एखादा असतोच, त्याला आधी आवरा.

सोल्यूशन

आमचा चप्पल-बुटांच्या कच्च्या मालाचा धंदा, म्हणून दोन शब्द.

तुम्हाला हवंय ते ईव्हीए फोमचं शीट. चपलेच्या सोलला वापरतात तेच, फक्त कमी घनतेचं घ्या. बाहेरच्या कवचाला १० मिलिमीटर, वरच्या पट्ट्या आणि नक्षीला ५ आणि २ मिलिमीटर. ऑनलाइन 'कॉस्प्ले फोम' म्हणून जे विकतात त्याच्या भावाकडे बघून घाबरू नका, आमच्यासारख्या दुकानात शीटच्या शीट मिळते. शीट दाबून बघा. बोट काढल्यावर खळगा लगेच भरून आला तर माल ठीक. खळगा तसाच राहिला तर ती शीट घुमटाला घेऊ नका.

चिकटवायला आमचं सोल्यूशन, म्हणजे कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ हात मारायचा आणि थांबायचं. बोट लावल्यावर चिकटपणा जाणवतो पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत येते. मग एका टोकापासून कडेला कड टेकवत दाबत जायचं. टेकलं की टेकलं, पुन्हा सरकवता येत नाही, म्हणून जोडायच्या आधी पेनने आडव्या खुणा करून ठेवा आणि खूण खुणेला मिळवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. त्याची वाफ पेट घेते.

कापायला कटरचं नवं पान. फोम पानाची धार फार लवकर मारतो. कड फाटल्यासारखी, दातेरी दिसायला लागली की पान मोडून पुढचं घ्यायचं, कंजुषी करायची नाही. घुमटाच्या पाकळ्या जोडताना काप सरळ नको, आतल्या बाजूला थोडा तिरपा द्या, म्हणजे जोड मिटून बसतो आणि आकार आपोआप गोल वळतो.

पाकळ्यांचा नमुना काढायला संगणक लागत नाही. डोक्याएवढ्या मातीच्या किंवा थर्माकोलच्या गोळ्यावर पुठ्ठा-कागद लावून हव्या त्या आकाराचं हेल्मेट फुगवा. त्यावर आधी पातळ प्लॅस्टिक, मग मास्किंग टेप आडवी-उभी गुंडाळा. टेपवर पेनने जोडरेषा आखा, खुणा घाला, अर्धीच बाजू कापून काढा. सपाट होत नाही तिथं चीर द्या. हा झाला नमुना, दुसरी बाजू उलटा करून. चार हेल्मेटांना एकच नमुना चालतो.

तिसरी_पाळी

सोल्यूशनभाऊ, हे सोनं दिलंत. पण फोमवर रंग बसतो का? आमच्याकडं एकाने क्राफ्टच्या फोमचा मुकुट केला होता, रंग सगळा पोपडे धरून गळाला.

लांबी_पट्टी

विजापूर रोडला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. रंगाचं मी सांगतो.

फोम आणि प्रिंट, दोघांचा रंगाचा रस्ता वेगळा. यात गल्लत केली की पोपडे येणारच. फोम वाकतो. त्यावर लांबी (गाडीचे खड्डे भरायचा लेप) भरली, एनसी पुट्टी (बारीक खड्ड्यांचा पातळ लेप) मारली की पहिल्यांदा डोक्यात घालताना कडकन तडे. फोमला लागतं ते वाकणारं अस्तर.

आधी हीट गन सगळीकडे सारखी फिरवा. पृष्ठभाग किंचित चमकायला लागतो, म्हणजे वरची छिद्रं मिटली. न मिटवता रंग मारला तर फोम रंग पीतच राहतो. जोडाच्या फटी ॲक्रिलिक सीलंटने भरा, ओल्या बोटाने सारख्या करा. दुकानदार सिलिकॉन देईल, ते घेऊ नका, सिलिकॉनवर रंग धरतच नाही. मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ हात, वाळला की पुन्हा, असे चार-पाच. गाड्यांना मारतात तो रबरासारखा सोलता येणारा कोट स्प्रेमध्ये मिळाला तर आणखी चांगलं. त्यावर ॲक्रिलिक रंग. थिनरचा रंग उघड्या फोमवर थेट मारू नका.

प्रिंटचं काम आमच्या गाडीच्या कामासारखंच. छपाईच्या रेघा ८० किंवा १२० च्या पॉलिश पेपरने मारायच्या. खोल जागी हार्डनरवाली पॉलिस्टर लांबी, पातळ थरात. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळते म्हणून पोरं खूष होतात, पण तो पुढं वरच्या रंगात डाग पाडतो. लांबी घासून झाली की सरफेसर, म्हणजे रंगाखालचं घासता येणारं अस्तर. एनसी पुट्टी फक्त टाचणीएवढ्या खड्ड्यांना. जाड भरली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि नंतर बसते.

आता खरी गंमत. सरफेसर वाळल्यावर काळ्या रंगाचा लांबून नुसता धुरळा मारायचा, गाईड कोट म्हणतात त्याला. मग लाकडाच्या ठोकळ्याला ३२० चा पेपर गुंडाळून घासा. उंच जागेवरचा काळा उडतो, खळग्यात काळा राहतो. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते सगळं काळ्या ठिपक्यांत समोर येतं. तिथं पुट्टी, पुन्हा सरफेसर, पुन्हा धुरळा. काळा कुठंच उरत नाही तोवर रंगाचा डबा उघडायचा नाही. शेवटी ६०० ने पाणी लावून. बोटाने घासू नका, बोटाचे खड्डे पडतात.

आणि मास्क. कापडी नव्हे, रंगाच्या वाफेचा फिल्टरवाला. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळलेला पारदर्शक कोट, घरी मारायचा तर नाहीच, त्याच्या हार्डनरने दमा धरतो. आमच्या धंद्यात बघितलंय.

कडक_भाकरी

'काळा कुठंच उरत नाही तोवर डबा उघडायचा नाही', हे मंडळाच्या हिशेबाच्या वहीलाही लागू करा.

विंगेतली

सगळे बाहेरूनच हेल्मेट बनवायला लागलात. मी हौशी नाटकांची रंगभूषा-वेशभूषा करते, हुतात्मा स्मृती मंदिरात पोरांना घामाने भिजून विंगेत येताना बघत आलेय. म्हणून थोडं आतून सांगते.

पात्राला हेल्मेटमध्ये चार गोष्टी लागतात: श्वास, पायाखालचं दिसणं, ऐकू येणं, आणि मदतीशिवाय पटकन काढता येणं. हे आधी सोडवा, मग लांबी आणि धुरळा. देखाव्याच्या मंचावर पायऱ्या असतात, वायरी असतात. हेल्मेट घातलं की हनुवटीखालचं काहीच दिसत नाही. काच नुसती डोळ्यांसमोर ठेवू नका, खाली गालाच्याही खाली उतरवा. ऐकण्याचं तर विसरूनच जातात सगळे. आवाज रेकॉर्ड केलेला असला तरी पोराला तो ऐकू आला पाहिजे ना, त्याशिवाय हात कधी वर करायचा ते त्याला कसं कळणार? कानाशी भोकं पाडा आणि स्पीकरला लावतात ते जाळीचं काळं कापड आतून लावा. बाहेरून यंत्राची जाळी वाटते.

डोकी वेगवेगळी आहेत म्हणालात. फोमच्या गाद्या चिकटवत बसू नका. बांधकामावर घालतात त्या सेफ्टी हेल्मेटच्या आतली पट्ट्यांची जाळी काढून बसवा, मागे खुंटी फिरवून घट्ट करतात ती. एकाचं झालं की दुसऱ्याने खुंटी फिरवायची, काम संपलं. शिवाय डोकं आणि कवच यांच्यात सगळीकडून मोकळी जागा राहते, हवा खेळते. कपाळाच्या पट्टीला वेल्क्रोने टॉवेलची पट्टी लावा. टेरी टॉवेलच्या गावात राहता, चिंध्या कुणीही देईल. प्रत्येक पोराला आपली पट्टी आणि आपली सुती टोपी. एकाचा घाम दुसऱ्याच्या कपाळाला नको, उवाही नकोत.

तिसरी_पाळी

ताई, खुंटीची कल्पना आजच करून बघितली. पुठ्ठ्याच्या कच्च्या हेल्मेटात जाळी चार स्क्रूंवर बसवली. आमच्यातलं सर्वांत मोठं डोकं आणि सर्वांत लहान डोकं, दोन्ही बसली. मान हलवली की हेल्मेट बरोबर वळतं, आधी डोकं आत फिरायचं आणि हेल्मेट जागेवर राहायचं.

चंद्रकोर

विज्ञान शिकवतो, म्हणून हवेबद्दल. खऱ्या अंतराळपोशाखात प्राणवायू डोक्याच्या मागून सोडतात आणि तो वरून चेहऱ्यासमोर उतरतो. कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडासमोर साठून राहतो, तो तिथून ढकलावा लागतो. तुम्हीही तेच करा. मानेमागे खालच्या बाजूला ४० मिलिमीटरचा ५ व्होल्टचा पंखा, बाहेरची हवा आत ओढणारा. हवा डोक्यावरून पुढे येऊन हनुवटीखालून निघून गेली पाहिजे. पंखा तोंडासमोर लावून आतलीच हवा घुसळली तर काचेवरची वाफ जात नाही आणि पोरालाही दमल्यासारखं होतं. गळ्याशी हेल्मेट कधीही बंद करू नका. कॉलर खोटी ठेवा, आतून उघडी.

काचेचं: अपोलो मोहिमांच्याही आधीपासून बाहेरच्या काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर देतात, उष्णता आणि प्रखर उजेड अडवायला. तुम्हाला तो परिणाम हवा असेल तर खिडक्यांना लावतात ती सोनेरी आरशासारखी फिल्म चालेल. मात्र ती एकाच दिशेने वळलेल्या पृष्ठभागावर बसते. दोन्हीकडून फुगीर काचेवर सुरकुत्या पडणारच. म्हणून काचेचा आकार डब्याच्या पत्र्यासारखा एकाच बाजूने वळवलेला ठेवा. १ मिलिमीटरची पारदर्शक पीईटीजी शीट गरम न करतासुद्धा तशी वळते.

आणखी एक. जुनं दाखवायचं म्हणून तांबेरा, गंज रंगवू नका. चंद्रावर हवा-पाणी नाही, गंज चढणार कुठून?

फिलामेंट_फजिती

सर, २०२० साली चांद्रयान-१ वरच्या उपकरणाच्या माहितीतून चंद्रावर हेमटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं की. म्हणजे गंजच तो.

चंद्रकोर

बरोबर आहे तुमचं, ध्रुवांकडच्या भागात सापडलंय. पण ते खनिज जमिनीत आहे, हेल्मेटच्या स्क्रूवर नाही. अपोलोच्या वीरांना खरा त्रास झाला तो धुळीचा. काळसर राखाडी, काचेच्या कणांसारखी टोकदार आणि विद्युतभारामुळे सगळ्याला चिकटणारी. कापड, काच, सांधे, सगळं घासून काढायची. तेव्हा कडा घासलेल्या आणि खाली राखाडी धूळ बसलेली दाखवा. विणकर खाली वाकून काम करतो, त्याच्या हनुवटीच्या बाजूला धूळ जास्त बसेल.

लांबी_पट्टी

घासलेल्या कडांची युक्ती देतो. अस्तरावर आधी चंदेरी मारा. वाळल्यावर जिथं रंग उडालेला दाखवायचाय तिथं टूथपेस्ट बोटाने वेडीवाकडी लावा. त्यावर पांढरा रंग. जरा धरला की ओल्या फडक्याने पुसा, पेस्टबरोबर वरचा रंग निघतो आणि खालची 'धातू' दिसते. फक्त जिथं हात लागतो, जिथं मंचाला टेकतं, तिथंच. सगळीकडे करून ठेवलंत तर भंगारातून आणल्यासारखं दिसेल. धुळीसाठी राखाडी ॲक्रिलिक पाण्यासारखा पातळ करून सोडा आणि वरवरचा पुसून घ्या, खोबणीत राहतो तेवढा पुरे.

तिसरी_पाळी

इथवरचं वाचून मंडळात बैठक झाली. ठरलं असं: कवच ईव्हीएचं, काचेची चौकट आणि मानेची कडी पीईटीजीत प्रिंट. फजितीसाहेब छापून देतायत, त्यांचे जाहीर आभार. लगदा बाद, कारण देखाव्याच्या दिवसांत पाऊस हमखास येतो. थर्माकोल खजिनदारांनीच बाद केलं, सोल्यूशनचा एक थेंब त्यावर पडून भोक पडलेलं त्यांनी स्वतः बघितलं.

कवच फोमचं घेण्याचं एक कारण इथं कुणी लिहिलं नव्हतं. मानेकडचं तोंड अरुंद ठेवलं तरच हेल्मेट अंगाला बसल्यासारखं दिसतं, पण डोकं आत जायला तेच तोंड मोठं लागतं. फोम ताणून डोकं आत जातं आणि तो परत मिटतो. म्हणून मानेची कडीसुद्धा मागे उघडी ठेवलीय, इंग्रजी सी सारखी. अख्खं प्रिंट केलं असतं तर मागे दार करून लोहचुंबकं बसवावी लागली असती.

बाहेर बसवायला मागाचे भाग वापरतोय. सुताच्या कोनाची टोकाकडची बाजू कापली की खाचाखाचांचा इतका देखणा नळकांडा मिळतो की विकत आणलेलं काही त्यापुढं टिकत नाही. दोन्ही कानांवर एकेक, आत दिवा. डोक्यावर मधोमध जुन्या धोट्याची (मागावर आडवं सूत नेतो तो) अर्धी फाळ, तिची लोखंडी अणी पुढे काढलेली. बघणाऱ्या जुन्या कामगारांना काय ते बरोबर कळेल.

अडचण: कोनावर रंग टिकत नाही. नखाने निघतो.

लांबी_पट्टी

तो कोन पॉलिप्रॉपिलीनचा असणार. गाडीचे बंपरही बहुतेक त्याच जातीचे, त्यावर साधं अस्तर धरत नाही. साबणाने धुवा, २२० ने खरवडून चमक घालवा, मग ऑटो पेंटच्या दुकानात प्लॅस्टिक प्रायमर किंवा बंपर प्रायमर मागा. पातळ पारदर्शक असतो, एक हात पुरतो. तो मारल्यावर डब्यावर जी वेळ लिहिलीय त्या वेळेतच रंग मारा. चिकटवायलाही हीच कटकट येईल, कोन स्क्रूने नाहीतर आरपार वायरटायने धरा.

आणि एक, पावसाळी हवेत रंगाची गन मारू नका. ओल्या हवेत लॅकरवर पांढरी धुरकट साय येते. चढलीच तर उन्हाच्या दिवशी सावकाश वाळणाऱ्या थिनरचा हलका हात मारा, साय उतरते. रंगाचं काम जूनच्या आधी उरकता आलं तर उत्तम.

सोल्यूशन

काच बसवताना झटपट चिकटणारा सुपरग्लू जवळ आणू नका. त्याची वाफ काचेवर बसून पांढरी पडते, पुसून जात नाही. स्क्रू किंवा दुहेरी टेप. ॲक्रिलिकची काच असेल तर थिनर-स्पिरिटने पुसणंही नको, केसासारखे तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

हुरडा_पार्टी

दिवे कसे लावताय? आमच्या भाच्याने शाळेसाठी केलेल्या हेल्मेटात चेहऱ्यावर एलईडी पट्टी लावली होती. बाहेरून झकास, आतून त्याला स्वतःचंच तोंड काचेत दिसत होतं. बाकावर जाऊन आदळला.

चंद्रकोर

साहजिक आहे. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेचा आरसा होतो. दिवे गालाच्या खाली, चौकटीच्या कडेआड लपवा, तोंड डोळ्यांकडे नको, आणि उजेड अगदी मंद. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यात उरलेल्या २ व्होल्टसाठी २० मिलिअँपिअरला १०० ओहमचा रेझिस्टर येतो. मंद हवा तर २२०, ३३० चा लावा. पॉवरबँक हेल्मेटात ठेवू नका, कमरेच्या पट्ट्यात. लिथियमची बॅटरी डोक्याला चिकटून नको, आणि वजनही कमी होतं.

फिलामेंट_फजिती

जोडीला: बऱ्याच पॉवरबँका फार कमी प्रवाह घेतला तर 'फोन भरला' समजून आपोआप बंद होतात. नुसते दोन एलईडी असले की हमखास. पंखा त्याच वायरवर असला की सहसा चालू राहतात. आधी पाऊण तास लावून बघा.

तिसरी_पाळी

लावून बघितलं, चालू राहते. पंख्याची घरघर मात्र कानात बसत होती. फोमच्या दोन वॉशरांमध्ये पंखा अडकवला, स्क्रू थेट कवचात घातले नाहीत, तेव्हा कमी झाली. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तालीम घेतली. दुपारच्या उन्हात जमलं तर गणपतीतल्या रात्री जमेलच असा हिशेब. पंखा चालू असताना पोरं पूर्ण प्रयोग टिकली. काचेवर वाफ धरली ती फक्त खालच्या कोपऱ्यात, तिथं लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसला.

नवी भानगड. सोनेरी फिल्मची काच लावली, दिसायला एकदम भारी. पण मंडळातल्या पोरांनी संप केलाय. म्हणे चेहराच दिसत नसेल तर घरच्यांनी कुणाला बघायला यायचं? आज्या-मावश्या अक्कलकोट, बार्शीहून येणार आहेत.

कडक_भाकरी

हेल्मेटवर नावाच्या पाट्या लावा. 'सौजन्य: चि. अमुक, आईबाबा व समस्त मामा मंडळी'.

विंगेतली

पोरांचं चुकलेलं नाही. चेहरा झाकला की अर्धा अभिनय गेला. मग सगळं हातांवर आणि मानेवर येतं, आणि हौशी पोरांना ते लगेच जमत नाही. आतली काच पारदर्शक ठेवा, सोनेरी वेगळी.

चंद्रकोर

खऱ्या हेल्मेटातही तसंच असतं. आत पारदर्शक कवच आणि बाहेर वरखाली होणारी सोनेरी झापड. ऊन असेल तेव्हा खाली, सावलीत वर. तुमच्या गोष्टीत माग घरात आहे ना? घरात आले की झापड वर.

तिसरी_पाळी

सर, हे गोष्टीतच बसतंय. पडदा उघडतो तेव्हा चौघं बाहेरून येतात, झापड खाली, कोण कुणाला ओळखत नाही. मागाशी बसताना एकेक झापड वर करतो आणि निवेदनात त्याचं नाव येतं. संप मिटला.

कानावरच्या कोनांच्या मधूनच बिजागरी काढली. पितळी खिळा, दोन्हीकडे नायलॉनचे वॉशर, मध्ये फोमची चकती. स्क्रू आवळला की चकती दाबली जाते आणि झापड जिथं सोडाल तिथं अडकून राहते, आपोआप खाली पडत नाही. झापडीची कड आतल्या काचेला घासत होती, म्हणून मध्ये ५ मिलिमीटरची फट ठेवली आणि कडेला काळी रबरी बीडिंग बसवली. आतली काच आता डोळ्यांच्या रेषेत मोकळी आहे, खाली दोन बोटांची फट सोडलीय, हवा तिथूनच बाहेर जाते.

फोटो उद्या टाकतो. पहिल्या हेल्मेटचा रंग झालाय, दुसरं अस्तरावर आहे.

लांबी_पट्टी

काळा धुरळा मारला होता का चौकटीला?

तिसरी_पाळी

मारला होता मामा. वरून गुळगुळीत दिसत होती ती चौकट अख्खी ठिपक्यांनी भरली. सगळी पोरं एकेक ठिपका मारत बसली होती.

चादरवाला_नातू

उशिरा आलो. एक सूचना आणि एक मागणी. सूचना अशी की ही हेल्मेटं घालून कुणी मिरवणुकीत गाडी चालवणार नाही हे आधी बजावून ठेवा. पोरं उत्साहात काहीही करतात आणि आयएस ४१५१ चा, म्हणजे दुचाकीच्या हेल्मेटांच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलं हेल्मेट वेगळं, हे वेगळं. मागणी अशी की पाकळ्यांचा नमुना द्याल का? आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना असंच काही करायचंय, डोकी मात्र लहान आहेत.

तिसरी_पाळी

बजावलंय, चाव्या काढून घेतल्यात.

नमुना स्कॅन करून ए-३ च्या तीन पानांत टाकतोय. छापताना 'पानाला बसवा' हा पर्याय बंद ठेवा. कोपऱ्यात ५ सेंटिमीटरचा चौकोन काढलाय, तो आधी पट्टीने मोजा. तो बरोबर आला तरच कापा. हा नमुना ५७-५८ सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी आहे, आणि खुंटीच्या जाळीसाठी चारी बाजूंनी जागा धरलीय. सातवी-आठवीच्या मुलांसाठी ९२-९३ टक्क्यांवर छापून पुठ्ठ्यात एक करून बघा. काचेच्या चौकटीचं वेगळं पान आहे, तेही त्याच टक्क्यावर छापायचं, नाहीतर काच मागेपुढे होईल. फोम १० ऐवजी ८ मिलिमीटरचा घ्या, लहान घुमटाला १० वळताना कुरकुरतो.

कोन हवे असतील तर गल्लीत या, पोतंभर पडलेत.